मागून हाक येईपर्यंत

श्रीपतराव आंबेकरांचं बोट मोबाइलवरच्या पिवळ्या बटणाच्या अगदी वर पोचलं होतं. बटण दाबलं की पैसे जाणार होते आणि कॅमेरा येणार होता. तेवढ्यात शेजारचे रामनिवासजी संध्याकाळच्या चहाला आले, आणि साधं सरळ काम तिथून जे वाकडं झालं ते झालंच.

"काय करून राह्यलात, श्रीपतराव?"

"कॅमेरा घेऊन राह्यलो, शेठजी."

रामनिवासजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, स्क्रीनवरची किंमत वाचली आणि अतीव दुःखानं विचारलं, "आणि हा मागंल तेवढे देऊन टाकणार?"

"मंग? छापील किंमत आहे ती."

"अरे भाई, छापील म्हणजे ते त्याचं म्हणणं झालं. तुमचं म्हणणं कुठंय?"

जिल्हा परिषदेत इतकी वर्षं नोकरी केल्यावर श्रीपतरावांचं स्वतःचं असं म्हणणं फारसं उरलंच नव्हतं. सांगितलेला भाव देऊन मोकळं व्हायचं, ही त्यांची रीत. रामनिवासजींचं उलट. राजस्थानातून आलेलं त्यांचं घराणं चार पिढ्या जालन्यात कापड विकत होतं. दिवसभर गिऱ्हाइकांनी त्यांच्याशी घासाघीस करायची आणि संध्याकाळी त्यांनी ती जगावर उलटवायची, असा त्यांचा नेम होता. भाव विचारायचा, मालात खोट काढायची, उठायचं आणि चालू लागायचं. दुकानाची पायरी उतरायच्या आत मागून हाक आली नाही, असं जालन्यात आजवर झालेलं नव्हतं.

"मोबाइलच्या दुकानातून उठून कसं जाणार तुम्ही?" ते म्हणाले. "जिथून उठून जाता येत न्हाई, तिथं बसायचंच न्हाई. रविवारी माझ्यासंगं चला."

कॅमेऱ्याची निकड खरी होती. मंठ्याला बायकोच्या, विमलबाईंच्या माहेरी त्यांच्या भाचीचा, साक्षीचा साखरपुडा ठरला होता. बैठकीच्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं गेलं, तेव्हा श्रीपतरावांना एकदम उदार वाटायला लागलं. "फोटोग्राफरचा खर्चा कशाला?" ते म्हणाले. "मी काढतो ना फोटो." मेहुण्यानं, आदिनाथनं, तिथल्या तिथं फोन लावून फोटोग्राफरला नको म्हणून सांगितलं. आपल्याकडं कॅमेराच नाही, ही गोष्ट श्रीपतरावांना परतीच्या बसमध्ये विमलबाईंनी लक्षात आणून दिली.

रविवारी दोघं संभाजीनगरला गेले. जालना रोडवर 'महाबचत' नावाचं भलंमोठं दुकान होतं. खाली डाळ-तांदूळ, वर टीव्ही-फ्रिज आणि एका कोपऱ्यात कॅमेरे. काउंटरवरच्या मुलीचं नाव अक्षता होतं. तसं तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलं होतं.

"भाव सांग, बेटा."

"लिहिलाय, काका. सूट धरून."

"लिहिलेला न्हाई. द्यायचा सांग."

"तोच द्यायचा आहे."

रामनिवासजी खूश झाले. इतक्या कणखर माणसाशी गाठ पडून त्यांना फार दिवस झाले होते. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा केला, भिंगावरचं झाकण काढून आत डोकावून पाहिलं.

"काळाच आहे का?"

"काळेच असतात, काका."

"जड आहे."

"भिंग मोठंय ना."

"हूं," म्हणून त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. "चला श्रीपतराव. न्हाई जमायचं यांना."

आता, उठून चालण्यातही कसब असतं. फार जल्दी गेलं तर दुकानदाराला वाटतं, गेलं गिऱ्हाईक. फार रेंगाळलं तर त्याला कळतं, हे कुठं जात नाही. रामनिवासजी मिक्सरपाशी घुटमळले, इस्त्र्यांपाशी थांबले, जिन्यावर त्यांनी चष्मा पुसला. हाक आली नाही. दोघं दाराबाहेर आले आणि उन्हात, लावलेल्या स्कूटरींच्या रांगेपाशी उभे राहिले.

"मालकाला विचारायला गेली आसंल ती," रामनिवासजी म्हणाले.

"शेठजी, इथं मालक बसतच न्हाई."

"मालक न्हाई? मंग बोलावणार कोण?"

प्रश्न रास्त होता. पण इतक्यानं माघार घेतील तर ते रामनिवासजी कसले. ते सहज आल्यासारखे पुन्हा आत गेले, कॅमेऱ्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली आणि पुन्हा बाहेर निघाले. दारावरच्या वॉचमननं आता त्यांच्याकडं निरखून पाहायला सुरुवात केली होती. श्रीपतरावांना आपण काहीतरी चोरलंय असं उगीचच वाटायला लागलं. तेवढ्यात छतावरचा लाउडस्पीकर खरखरला.

"पांढरा शर्ट आणि जाकीट घातलेल्या काकांनी कृपया कॅमेरा विभागात यावं."

रामनिवासजींचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. "बघा! बोलावलं का न्हाई?" जाकीट सारखं करत ते जिना चढले.

"काका," अक्षता म्हणाली, "भिंगाचं झाकण चुकून तुमच्यासंगं गेलं का?"

रामनिवासजींनी जाकिटाच्या खिशात हात घातला. झाकण होतं. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. रामनिवासजींनी झाकण मुठीत धरलं आणि म्हणाले, "देतो. भाव सांग."

मागोमाग वर आलेला वॉचमन पुढं सरकला. श्रीपतरावांनी त्या मुठीतून झाकण सोडवून काउंटरवर ठेवलं, मुलीपुढं हात जोडले आणि शेठजींना दंडाला धरून खाली आणलं. या खेपेला कुणी मिक्सरपाशी थांबलं नाही.

बदनापूर येईपर्यंत रामनिवासजी बसमध्ये जाकिटाचे खिसे चाचपत बसले. मग म्हणाले, "हे दुकान चालायचं न्हाई."

संध्याकाळी श्रीपतरावांचा मोबाइल टिणटिणला. "तुम्ही काहीतरी विसरलात! तुमचा कॅमेरा तुमची वाट पाहतोय." चहाचा कप हातात असलेल्या रामनिवासजींनी वाकून वाचलं.

"हे कोण म्हणालं?"

"त्या दिवशीचं मोबाइलवरचं दुकान. मी कॅमेरा निवडून ठेवला, पण घेतला न्हाई ना. तुम्ही आल्ते."

"म्हणजे तुम्ही उठून आलात."

"तसंच म्हणा."

"आणि त्यानं मागून हाक मारली." रामनिवासजींनी कप खाली ठेवला. दिवसभराचा अपमान त्यांच्या चेहऱ्यावरून पुसला गेला. "श्रीपतराव, ह्याला धंदा समजतो. आता बिलकुल वळून बघायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची किंमत उतरली. त्यानंतर वर एक बॅग फुकट मिळू लागली. किंमत पुन्हा उतरली. रामनिवासजी रोज संध्याकाळी दारातूनच विचारायचे, "काय म्हणतो आपला माणूस?" कुठल्यातरी मोठ्या शहरात पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसलेला, हाडाचा व्यापारी असलेला एक म्हातारा त्यांना स्पष्ट दिसत होता. त्याच्याबद्दल ते आता सोयऱ्यासारखं बोलू लागले होते.

"घेऊन टाकू का आज?" श्रीपतराव चाचरत विचारायचे.

"अजून थांबा. त्याचा आवाज नरम पडून राह्यलाय."

विमलबाई स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. एक दिवस त्या पोळीचं लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "अहो, साखरपुडा आला की तोंडावर. का साक्षीच्या पोराच्या बारशाला येणार आहे तुमचा कॅमेरा?"

त्याच दिवशी निरोप आला, 'फक्त दोनच शिल्लक!' श्रीपतराव घाबरले. रामनिवासजी मात्र पोट धरून हसले. "हे तर आम्ही रोज म्हणतो, भाई. 'ताई, दोनच पीस राह्यले.' आणि मागं गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असतात."

दुसऱ्या संध्याकाळी मोबाइलवर लिहिलेलं होतं, 'हा कॅमेरा आता उपलब्ध नाही.'

रामनिवासजींनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. "खरंच दोन होते?" माल संपला याचा त्यांना तेवढा धक्का बसला नव्हता. दुकानदार खरं बोलला, याचा बसला होता. चहा अर्धा टाकून ते घरी गेले.

विमलबाई त्या संध्याकाळी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आदिनाथला काय सांगू मी?" एवढंच त्या म्हणाल्या. "पोरीचा साखरपुडा काय पुन्हा होणार आहे?" आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या. श्रीपतरावांना स्वतःची मनापासून लाज वाटली. एका वाटीभर श्रीखंडापायी आपण बायकोची मान तिच्या माहेरात खाली घालणार, हे त्यांना सहन होईना.

सकाळी पहिल्या बसनं ते एकटेच संभाजीनगरला गेले, महाबचतचा जिना चढले आणि लिहिलेली किंमत मुकाट्यानं मोजली. अक्षतानं त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं. "ते काका न्हाई आले?"

"न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि भिंगाचं झाकण दोनदा दाबून बसवलं.

दुपारपर्यंत कॅमेरा घरी, कपाटात, विमलबाईंच्या पैठणीखाली होता. रामनिवासजींना हे कळू द्यायचं नाही, असं नवरा-बायकोनं ठरवलं. इतक्या वर्षांचा शेजार. त्यांच्या शिकवणीवर विश्वास ठेवला नाही, असं त्यांना वाटायला नको. "फोटो मोबाइलवरच काढले म्हणून सांगू," विमलबाई म्हणाल्या. कॅमेरा घरात आल्यापासून त्या एकदम समजूतदार झाल्या होत्या.

दिवेलागणीला रामनिवासजी आले. धुळीनं माखलेले, दमलेले आणि हातात महाबचतची पिशवी.

"बोलावलं!" ते दारातूनच म्हणाले. "शेवटी बोलावलंच!"

श्रीपतरावांची नजर पिशवीवरून कपाटाकडं गेली.

"दुपारी दुकान पोरावर, मयंकवर टाकलं आणि गेल्तो. भाव विचारला, उठलो, चालायला लागलो. गेटपाशी पोचलो, तशी ती पोरगी मागून पळत आली. काका, काका, घेऊन जा म्हणे, तुमचाच भाव." आणि त्यांनी भाव सांगितला. मोबाइलवरच्या त्या म्हाताऱ्यानं शेवटी उतरवला होता, बराबर तेवढाच.

हे सगळं ते भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघून सांगत होते. खुर्चीत बसले नव्हते. चहाचं तर नावही काढलं नव्हतं. श्रीपतराव सकाळीच त्या काउंटरवर उभे होते. ती मुलगी कुणाच्या मागं पळणाऱ्यातली नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जन्मात कुणाला मागितलेला भाव न देणाऱ्या या माणसानं आज तो दिला होता, आणि तोही शेजाऱ्याची सासुरवाडीत शोभा होऊ नये म्हणून. विमलबाईंनी कपाटाकडं पाहून काही बोलायला तोंड उघडलं, तसं श्रीपतरावांनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं.

"कमाल आहे तुमची, शेठजी," ते म्हणाले आणि शेठजींनी सांगितलेल्या भावाचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले.

साखरपुडा झकास झाला. रामनिवासजींनाही आग्रहानं मंठ्याला नेलं होतं. श्रीपतरावांनी साक्षीचे, तिच्या नवऱ्या मुलाचे, सगळ्या आत्या-मावश्यांचे इतके फोटो काढले की शेवटी आचारीसुद्धा केस विंचरून समोर येऊन उभा राहिला. फोटो खरोखर चांगले आले. आदिनाथ ते बघून हरखून गेला.

"दाजी, एक नंबर! केवढ्याचा पडला हो कॅमेरा?"

श्रीपतरावांनी सांगण्याआधीच विमलबाईंच्या वहिनींनी सांगितलं. जालन्याचे शेठजी भाव कसा पाडतात, गेटपासून त्यांना कसं परत बोलावतात, ही कीर्ती एव्हाना पंगतभर झाली होती. आदिनाथ तडक रामनिवासजींपुढं जाऊन उभा राहिला. "शेठजी, मंग मला बी एक आणून द्या ना. त्याच भावात. पैसे आत्ताच देतो."

श्रीपतराव नेमके त्याच वेळी कॅमेऱ्यातून तिकडं बघत होते. रामनिवासजींच्या तोंडात पेढा होता आणि तो पुढंही जाईना, मागंही येईना. भाव सांगताना शेठजी अडखळलेले त्यांनी प्रथमच पाहिले. तो फोटो त्यांनी काढला नाही.

"आदिनाथ," कॅमेरा खाली घेत ते म्हणाले, "त्यांना कशाला तरास? तुझ्यासाठी एक आणूनच ठेवलाय. कपाटात आहे, घरी."

"नवा?"

"बिलकुल नवा."

"त्याच भावात?"

"त्याच."

रामनिवासजींनी पेढा गिळला आणि हळूच मान वळवून श्रीपतरावांकडं पाहिलं. परतताना जीपनं गाव मागं टाकलं, तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "श्रीपतराव, तो कपाटातला. तो कसा काय मिळाला तुम्हाला?"

"मला पण बोलावलं, शेठजी," समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता श्रीपतराव म्हणाले. "गेटपाशी पोचलो, तशी पोरगी मागून पळत आली."

विमलबाई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघायला लागल्या. रामनिवासजींनी श्रीपतरावांच्या गुडघ्यावर एकदा थोपटलं आणि हात तसाच तिथं राहू दिला.

जालन्याला उतरल्यावर स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्यानं रामनिवासजींना ओळखलं आणि कॉलनीचं भाडं चांगलं चढवूनच सांगितलं. रामनिवासजी काही न बोलता आत जाऊन बसले. रिक्षावाला वाट बघत उभा राहिला. त्यानं वाकून आत पाहिलं. शेठजी सीटवर शांत बसले होते. त्याला काही ते बरं लक्षण दिसेना.

"शेठजी, तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे. चल."

रिक्षावाल्यानं किक मारली, मग परत बंद केली आणि डोकं खाजवत म्हणाला, "बरं, जाऊ द्या. वीस रुपये कमी द्या."