बारावी चिठ्ठी

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, आणि एक देश मनात आणा. फार मोठा नको. बारा घरांचा, तीन मजली, पिवळ्या रंगाचा. त्याच्या समोर अगदी तसाच दुसरा देश, फक्त रंग फिका हिरवा. दोघांना मिळून एक फाटक, एक कडुनिंब आणि नळाची एकच जोडणी. आलं डोळ्यांसमोर? छत्रपती संभाजीनगरात, छावणीच्या पलीकडे, 'अ' आणि 'ब' नावाच्या या दोन इमारती वीस वर्षं एका सोसायटीत नांदत होत्या. आणि एक दिवस 'ब'ला वाटलं, आपण स्वतंत्र व्हावं.

जगात खऱ्याखुऱ्या देशांतही असं होतं. लोक रांगेत उभे राहून चिठ्ठी टाकतात, वेगळं व्हायचं की एकत्र राहायचं? वेगळं व्हायचं ठरलं तर ढोल वाजतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तसं ठरलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं? झेंडा तर शिवून तयार असतो, त्याचं काय करायचं? आपली गोष्ट त्या दुसऱ्या दिवसाची आहे.

स्वातंत्र्याची कल्पना 'ब'मधल्या व्यंकटरावांची. एकोणचाळीस वर्षं त्यांनी जमीन मोजणीच्या कचेरीत लोकांच्या हद्दी आखल्या होत्या. निवृत्तीनंतर आखायला हद्दच उरली नाही, तेव्हा त्यांनी सोसायटीचा नकाशा काढून त्यावर एक लाल रेघ ओढली. रेघ फाटकातून निघाली ती कडुनिंबाच्या पाराच्या बरोबर मधून गेली. म्हणजे त्यांची नात स्वराली पाराच्या एका टोकाला आणि 'अ'मधली तिची मैत्रीण सोनिया दुसऱ्या टोकाला बसली, की दोघी दोन देशांत!

रविवारी दुपारी मतदान झालं. 'ब'च्या बारा घरांना प्रत्येकी एक मत. लहान मूल कुणाच्या बाजूचं नसतं, म्हणून दहा वर्षांच्या स्वरालीला मतदान अधिकारी नेमलं होतं. नव्या देशाचा झेंडा तिनेच रंगवला होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. खारीच्या रिकाम्या डब्याची मतपेटी झाली. पाच वाजता घाईघाईने मोजणी उरकली. एकत्र, सात. वेगळं, पाच.

व्यंकटराव उभे राहिले. "कौल मान्य आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे 'ब'च्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर सात वाजेपर्यंत उरलेल्या अकराही घरांतून कुणी ना कुणी आलं, त्यांचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणालं, "व्यंकटराव, माझं मत तुम्हालाच होतं बरं का."

स्वराली बोटं मोजत बसली होती. "आबा, ते अकरा आणि तुम्ही एक, झाले बारा. मग सात मतं कुणाची?"

"लोकशाहीत असं विचारू नये, बाळ."

आणि खरं सांगायचं तर व्यंकटरावांना फार बरं वाटत होतं. तीन महिने ते मोटर, वीजजोडणी आणि हौदातला गाळ यांवरची माहिती वाचत होते. नव्या देशाची मोटर जळली तर तीही त्यांनाच बघावी लागणार होती. ते सगळं ओझं एका मोजणीत उतरलं. जेवताना त्यांनी तिसरं थालीपीठ मागून घेतलं.

"हरलेला माणूस इतकं जेवतो होय?" त्यांच्या पत्नी दमयंतीबाई म्हणाल्या.

"दुःखात भूक लागते," व्यंकटराव म्हणाले आणि लोणी वाढून घेतलं.

या आनंदात ते एक गोष्ट साफ विसरले. ती गोष्ट म्हणजे कडुबा.

कडुबा प्लंबर शेंद्र्याचा. दुपारपाळीला कारखान्यात आणि सकाळी लोकांच्या नळांवर. जिंकण्याची खात्री असल्यामुळे व्यंकटरावांनी त्याला तीन आठवड्यांपूर्वीच काम देऊन ठेवलं होतं. नळाची जोडणी 'ब'च्या बाजूने येते. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून 'अ'कडे जाणारा पाइप कापायचा आणि बूच बसवायचं. 'अ'साठी वेगळ्या जोडणीचा अर्जही त्यांनी स्वतःच भरून ठेवला होता. माणूस दुष्ट नव्हता, फार नीटनेटका होता.

पण त्यांना स्वतःचा भरवसा नव्हता. मागच्या वर्षी वेगळं फाटक बसवायला माणसं आणली होती, तेव्हा 'अ'च्या सचिव सुलेखाताई गरम धपाट्यांची ताटली घेऊन खाली आल्या आणि व्यंकटरावांनीच माणसांना परत पाठवलं, तेही हातात एकेक धपाटा देऊन. या वेळी असं होऊ नये म्हणून त्यांनी कडुबाला लेखी हुकूम दिला होता. त्यावर रीतसर चार कलमं होती.

सोमवार उजाडला. सोमवार म्हणजे पाण्याचा दिवस. पावणेसातला नळ येणार, पाऊण तास चालणार, आणि मग थेट पुढच्या सोमवारी. व्यंकटराव सहा वाजून गेल्यावर गुणगुणत फिरायला उतरले. कडुनिंबाजवळ आले तर खड्ड्यात कमरेएवढा उतरलेला कडुबा, आणि आरीचा कर्र कर्र आवाज.

"कडुबा! अरे थांब, थांब!"

कडुबाने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कीव होती. "रामराम सायेब. आणलाच का तुमच्यावर दबाव?"

"दबाव कसला? मतदान हरलो आपण!"

कडुबाने खिशातून कागद काढला आणि बोट ठेवून वाचला. "कलम तीन. 'मतदान हरलात, असे ते सांगतील. विश्वास ठेवू नये.'"

"अरे, ते सांगत नाहीत, मी सांगतोय! मी स्वतः!"

"कलम चार. 'मी स्वतः येऊन थांबवले, तर माझ्यावर दबाव आहे असे समजून काम अधिक जोराने करावे.'" कागद खिशात गेला आणि आरी खरोखरच अधिक जोराने चालू लागली. दोन मिनिटांत पाइप तुटला. कडुबाने त्यावर बूच बसवून हात झटकले. "काळजी करू नगा सायेब. तुमचा शब्द म्या खाली पडू दिला नाय."

आवाजाने 'अ'च्या खिडक्या उघडल्या. सुलेखाताई बँकेत अधिकारी, सकाळी सहालाही त्यांचे केस व्यवस्थित. त्या खाली आल्या, खड्डा पाहिला, बूच पाहिलं.

"व्यंकटकाका, हे काय? हरलात म्हणून पाणी तोडलंत? लहान मुलं हरली की सोंगट्या उधळतात, तसं?"

"नाही हो ताई! हे काम मतदानाच्या आधीच सांगून ठेवलं होतं."

"म्हणजे ठरवून!"

तुम्ही पाहिलं असेल, काही वेळा खरं बोलल्यावर माणूस आणखी खोल जातो.

आता हंडे, बादल्या आणि माणसं, सगळंच खाली आलं. 'अ'चे एक गृहस्थ म्हणाले, "यापुढं पाण्याच्या बाबतीत 'ब'ला मतच नको! 'अ'च्या पाण्यावर 'अ'चंच मत!"

'ब'च्या दुसऱ्या मजल्यावरून पारूबाई कडाडल्या, "आधी तुमचं वचन बघा की! एकत्र ऱ्हावा, तुम्हाला आमची गच्ची वाळवणाला देतो, असं कोण म्हन्लं व्हतं परवा?"

"देतो म्हणालो होतो," सुलेखाताई म्हणाल्या. "कधी, ते म्हणालो नव्हतो."

"ऐका! निकालाला एक दिस झाला नाय तर ह्यांची बोली फिरली!"

साडेसहा झाले. पंधरा मिनिटांत नळ येणार, आणि तो जायच्या आत पाइप जोडला नाही, तर 'अ'ची बारा घरं आठ दिवस कोरडी राहणार. आणि हरल्यावर शेजाऱ्यांचं पाणी तोडणारा माणूस म्हणून त्यांचं नाव जन्मभर राहणार. ते धावत वर गेले, हुकूम रद्द केल्याचा कागद लिहून धावतच खाली आले.

कडुबाने तो सावकाश वाचला. "खाली अध्यक्ष म्हणून सही हाय. तुम्ही अजून अध्यक्ष हाव का?"

"काल राजीनामा दिला."

"मग ही सही कशी चालंल सायेब? म्या काय अडाणी हाय व्हय?"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत स्वराली आली. अंगात रात्रीचाच झगा, काखेत खारीचा डबा. "कडुबाकाका, मी मतदान अधिकारी आहे. माझा राजीनामा नाही झालेला."

कडुबाने कागद पुन्हा काढला. चारही कलमं वाचली. पोरीबद्दल त्यात काहीच नव्हतं. तो पेचात पडला.

"मी तुमच्यासमोर परत मोजते," स्वराली म्हणाली. "हरलो असं दिसलं, तर जोडाल?"

"जोडीन. पर प्रत्येक चिठ्ठी मागनं-पुढनं दाखवायची. एकच बाजू वाचून म्या आजवर लई येळा फसलोय."

"मागनं-पुढनं," स्वरालीने कबूल केलं आणि पारावर मांडी घातली.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एकट्या व्यंकटरावांचा श्वास मात्र अडकला.

आता तुम्हाला सांगायलाच हवं. काल पडद्यामागे व्यंकटराव पेन्सिल घेऊन उभे राहिले, ते 'वेगळं' वर खूण करायलाच. पण त्यांना एकदम पहाटे पाचला मोटर सुरू करणारा म्हातारा दिसला, आणि तो म्हातारा त्यांच्यासारखाच दिसत होता. मग दोन देशांत बसलेल्या दोन मुली दिसल्या. पेन्सिल आपोआप 'एकत्र' वर गेली. इथवर ठीक होतं, गुप्त मतदान. पण कचेरीत एकोणचाळीस वर्षं हातात आलेला प्रत्येक कागद उलटून, मागे आपलं आद्याक्षर आणि तारीख टाकल्याशिवाय त्यांनी पुढे सरकवला नव्हता. हाताने त्याचं काम केलं. चिठ्ठी डब्यात पडल्यावर डोक्याला कळलं. कालच्या घाईत मागची बाजू कुणी पाहिली नाही, म्हणून ते सुखाने झोपले होते.

"वेगळं, एक," स्वराली म्हणाली. चिठ्ठी उलटली. कोरी. "एकत्र, एक." उलटली. कोरी.

'ब'ची माणसं माना वर करून पाहत होती. प्रत्येकाने काल "माझं मत तुम्हालाच" म्हटलं होतं, त्यामुळे 'एकत्र' निघालं की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे संशयाने बघत होता. व्यंकटराव कुणाकडेच बघत नव्हते. स्वातंत्र्याच्या पुढाऱ्यानेच स्वातंत्र्याच्या विरुद्ध मत टाकलं, हे पारूबाईंना कळलं तर छावणीच्या बाजारात भाजी घेणं मुश्कील होणार होतं.

"एकत्र, सहा. वेगळं, पाच." अकरा चिठ्ठ्या झाल्या. अकराही मागून कोऱ्या.

स्वरालीने बारावी उचलली. नेमकी तिच्या बाजूला चिठ्ठीची पाठ आली. ती त्या पाठीकडे पाहत राहिली. मग तिने आजोबांकडे पाहिलं. व्यंकटराव कडुनिंबाची पानं मोजत होते.

"एकत्र," ती हळू आवाजात म्हणाली आणि चिठ्ठीची पुढची बाजू सगळ्यांना दाखवली. "सात."

"मागनं?" कडुबाने हात पुढे केला.

आणि त्याच क्षणी जमिनीखालून फुस्सss असा आवाज आला. नळ यायच्या आधी पाइपातली हवा अशीच निघते, हे या शहरातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. "आलं, आलं, पाणी आलं!" चोवीस घरं एका सुरात ओरडली.

"सात म्हंजी सात!" कडुबाने खड्ड्यात उडी घेतली. बूच निघालं, जोडणी बसली, पाना आवळला गेला. मग 'अ'च्या हौदात धो धो धार पडू लागली. पाठोपाठ 'ब'च्याही. 'अ'चे गृहस्थ आणि पारूबाई एकाच वेळी हसले, आणि हसलो कशाला म्हणून दोघांनाही राग आला नाही. व्यंकटराव पारावर मटकन बसले. असं हलकं त्यांना थालीपिठांनंतरही वाटलं नव्हतं.

"काका, मगाशी मी फार बोलले," सुलेखाताई जवळ येऊन म्हणाल्या. "गच्ची उद्यापासून तुमची. आणि अध्यक्षही तुम्हीच राहा. तुमच्याइतकं चोख कलम लिहिणारा माणूस मी बँकेतही पाहिला नाही." मग त्या स्वरालीकडे वळल्या. "आणि अधिकारी बाई, तुमची मोजणी उत्तम. फक्त शेवटच्या चिठ्ठीची मागची बाजू राहिली. नियम म्हणजे नियम. दाखव बरं, म्हणजे निकाल पक्का."

हंडे थबकले. खड्ड्यातून कडुबाही म्हणाला, "व्हय की, ते ऱ्हायलंच."

व्यंकटराव पुन्हा कडुनिंबाची पानं मोजू लागले.

स्वरालीने सुलेखाताईंकडे पाहिलं, कडुबाकडे पाहिलं, वर पारूबाईंकडे पाहिलं. बारावी चिठ्ठी तिने नीट चार घड्या घालून लहान केली. मग ती तोंडात टाकली, तीनदा चावली, आणि शेजारी उभ्या सोनियाच्या नुकत्याच भरलेल्या हंड्यात ओंजळ घालून वरून गटगट पाणी प्यायली.