रामटेके साहेब गाडीखाली आहेत

रामटेके साहेबांचे पाय मी आधी पाहिले, चेहरा नंतर. मस्कतमध्ये, माबेल्यातल्या त्या बिल्डिंगमध्ये आमचे खोकेसुद्धा अजून उघडले नव्हते. सकाळी कुरुमच्या ऑफिसला जायला खाली उतरले, तर माझ्याच गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पॉलिश केलेले काळे बूट, कडक इस्त्रीची पँट. चोर असता तर चपलेत आला असता, असा विचार करून मी धीर गोळा केला.

"कोण आहे?"

"वरच्या मजल्यावरचा रामटेके," गाडीखालून आवाज आला. "वहिनी, तुमच्या गाडीतून तेल गळून राहिलं. रात्रभर गळलं. ऐकून राहिल्या का?"

"तुम्हाला कसं कळलं मी मराठी आहे ते?"

"काल सामान उतरवणाऱ्यांवर ओरडल्या ना तुम्ही. अस्सल ठाण्याचं ओरडणं होतं."

मग चेहरा बाहेर आला. गोल, निर्धास्त, मिशीला कोळ्याचं जाळं लागलेलं. हा मनुष्य गाला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका मोठ्या कंपनीत मेंटेनन्सचा प्रमुख आहे, हाताखाली ढीगभर मेकॅनिक आहेत आणि अंगावर ऑफिसचा शर्ट असताना तो अनोळखी बाईच्या गाडीखाली शिरतो, हे सगळं मला पुढच्या पाच मिनिटांत कळलं. कारण हे सगळं त्यांनीच सांगितलं. स्वतःबद्दल सांगताना रामटेके साहेबांना संकोच कधी शिवला नाही. "नागपुरात माझ्याएवढा कान कोणाले नव्हता," ते म्हणत. "मस्कतात तं प्रश्नच नाही."

कान म्हणजे गाड्यांचा आवाज ओळखण्याचा कान. माणसांचं बोलणं त्यांना अर्धंच ऐकू येई, कारण मागून एखादी गाडी जात असे आणि त्यांचं लक्ष तिच्याकडे. सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली करायला लावून ते ओमानी शेखाला जुन्या दोस्तासारखं सांगत, "सदीक, डावा बेअरिंग. मुश्किला." शेख आधी दचके, मग हसे. एकदा तर असा एकजण पुढच्या आठवड्यात पेटीभर खजूर घेऊन बिल्डिंग शोधत आला होता.

त्यांच्या बायकोचं, वनितावहिनींचं, एक ठरलेलं वाक्य होतं. केव्हाही फोन करा, केव्हाही बेल वाजवा, "साहेब गाडीखाली आहेत." तक्रार नाही, कौतुक नाही. जसं कोणी म्हणावं, साहेब आंघोळीला गेलेत.

मग वनितावहिनी भावाच्या मुलीच्या लग्नासाठी नागपूरला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. लग्न होऊन गेलं, साहेब मधे सुट्टी काढून गेले आणि एकटेच परतले, उन्हाळा सरला, तरी नाहीत. आमच्या मराठी मंडळींत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, बाई कंटाळली. कोणी म्हणालं, मीसुद्धा गेले असते. माझा नवरा अजित वाळवंटातल्या साइटवर असतो, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. तोसुद्धा म्हणाला, "अगं, माणूस गाडीखाली राहतो म्हटल्यावर घरात राहणार कोण?"

मी सरळ विचारून पाहिलं. "साहेब, वहिनी कशा आहेत? कधी येणार?"

"बरी आहे," ते म्हणाले. "तुमच्या स्टिअरिंगमध्ये प्ले आहे, ढिलं फिरते, वहिनी. दाखवून घ्या."

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा गिअर ऑइलवर व्याख्यान मिळालं. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

त्याच सुमारास त्यांनी आपली छान, गुळगुळीत सेडान विकली आणि एक जुनी पांढरी, मागेही सीट असलेली डबल-कॅब पिकअप घेऊन आले. सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. एकटा माणूस, ना बकऱ्या, ना खजुराची बाग, ना समुद्रावर होडी, याला पिकअप कशाला? वॉचमन जमालनं तर सरळ विचारलं, "साब, आप घर शिफ्ट करता है क्या?"

साहेब कोणाला उत्तर द्यायला मोकळे नव्हते. पिकअप बोलत होती.

सरळ रस्त्यावर ती गप्प असे. पण बिल्डिंगच्या फाटकातून हळू आत वळली, की मागून कट्-कट्-कट् आवाज येई आणि गाडी बारीक हिसके देई, उचकी लागल्यासारखी. मला तर तो आवाज मुद्दाम कान दिल्यावरच कळला. साहेबांना मात्र त्या आवाजानं जेवण जाईना.

"एलएसडी," ते गंभीरपणे म्हणाले.

"म्हणजे हो?"

"लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी भोपळा दिसते ना, त्याच्या पोटात. गाडी वळली की बाहेरच्या चाकाले लांब चालावं लागते, आतल्याले कमी. ज्याले त्याले आपल्या चालीनं चालू द्यायचं, हे याचं काम. अन् एक चाक रेतीत घसरलं तं दुसऱ्याले जोर द्यायचा, हेही याचंच काम. आत चकत्या असतात, एकमेकींवर घासणाऱ्या. त्या चिकटून राहिल्या. सुटतात, चिकटतात, सुटतात, चिकटतात. कट्-कट्-कट्. ऐकून राहिल्या का?"

ऐकत नव्हतं कोण! एका संध्याकाळी आम्ही हायपरमार्केटमध्ये भाजी घेत होतो. साहेबांना गाल्याच्या स्पेअर पार्टवाल्याचा फोन आला आणि ते भेंड्यांच्या ढिगासमोर उभे राहून खणखणीत हिंदीत ओरडले, "एलएसडी का पूरा माल चाहिए! पिछला वाला एकदम खराब निकला!" पलीकडची मल्याळी बाई टोपली टाकून गेली. मी साहेबांना ओळखत नाही असा चेहरा करून कोबीच्या मागे सरकले. एलएसडी म्हटलं की लोकांना नशेचा माल आठवतो आणि या देशात असले शब्द मोठ्यानं उच्चारायचे नसतात, हे मी त्यांना नंतर समजावलं. ते म्हणाले, "मग काय म्हणू? भोपळा म्हणू?" आणि तेव्हापासून फोनवर खरोखरच "भोपळे का माल" म्हणू लागले.

कोणतंही गॅरेज त्यांना चालेना. हाताखालचे मेकॅनिकसुद्धा नकोत. "ते चांगले आहेत," ते म्हणाले, "पण मी जास्त चांगला आहे."

शुक्रवारी सकाळी पिकअपची मागची दोन्ही चाकं हवेत गेली. जमाल धावत आला. "साब, मालिक देखेगा तो मेरा खलास!" साहेबांनी त्याच्या हातात टॉर्च दिला. थोड्या वेळानं मी पाहिलं तर जमाल गाडीखाली आडवा होऊन टॉर्च धरतोय आणि साहेबांना विचारतोय, "ये वाला कौन सा नट है?"

त्यांनी गिअर न्यूट्रलला टाकून एक चाक हातानं फिरवलं. दुसरं चाकही त्याच दिशेला निघालं, पण अडखळत. "जिवंत आहे," साहेब म्हणाले, "पण दुखणं आहे." खालचा बोल्ट काढला तेव्हा काळंकुट्ट, जळकट वासाचं तेल आलं. बोल्टाच्या चुंबकावर लोखंडाचा कीस चिकटलेला. आधीच्या मालकानं भलतंच तेल भरलं होतं. साहेबांनी ते बोटांवर चोळलं, हुंगलं आणि ज्या शब्दांत त्या मालकाचा उद्धार केला, ते शब्द नागपूरबाहेर फारसे कोणाला माहीत नसावेत.

पहिल्यांदा नुसतं योग्य तेल भरून पाहिलं. मग माझी बेल वाजली.

"वहिनी, राग मानू नका. तुमचं वजन किती?"

मी दार लावणार होते.

"टेस्ट लोड पाहिजे," ते घाईनं म्हणाले. "माझ्या बाजूच्या सीटवर बसायचं. जमाल फार हलका आहे. अन् वाटीभर ताक घेऊन या."

"ताक?"

"पाणी सांडलं तं कपड्यावर दिसत नाही."

मी गेले. का गेले, याचं कारण आजही मला देता येत नाही. पण रामटेके साहेबांनी सांगितलं की माणूस तसं करतो. मागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी पिकअप इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायला सुरुवात केली, अगदी बैलाच्या चालीनं. तिसऱ्या वळणाला ताक माझ्या कुर्त्यावर आलं. साहेबांनी डागाकडे डॉक्टरासारखं निरखून पाहिलं. "भोपळा उघडावा लागन," ते म्हणाले.

पुढचे दोन शुक्रवार भोपळा उघडा होता. चाकांचे दांडे बाहेर आले, मधला गोळा बाहेर आला, त्याच्या पोटातून चकत्या निघाल्या. काही निळ्या पडलेल्या, काही काचेसारख्या चकचकीत. नव्या चकत्या बसवण्याआधी तेलात मुरवाव्या लागतात, म्हणून साहेब माझं मोठं पातेलं घेऊन गेले. मला वाटलं, एकटे असतात, काही गोडधोड करणार असतील. दुसऱ्या दिवशी वर गेले तर पातेल्यात अनारशांसारख्या चकत्या तेलात पोहत होत्या, आणि ते शेजारी बसून वरणभात खात होते. त्या पातेल्यात मी पुन्हा काही शिजवलं नाही. साहेबांनी मला नवीन आणून दिलं, आधीच्यापेक्षा जाड बुडाचं. जुन्याचं बूड पातळ होतं, हेही ऐकवलं.

सगळं परत बसलं. आतल्या दातेरी चाकांचा दात दाताला कुठे लागतो ते रंग लावून पाहिलं गेलं, एकदा चुकलं, परत खोललं, परत बसवलं. आणि पुन्हा मी, पुन्हा ताक, पुन्हा मैदान.

या वेळी पोलिसांची गाडी आली.

भर दुपारी एक भारतीय मनुष्य एका बाईला वाटीसकट बसवून मैदानात गोल गोल फिरतोय, हे कोणालाही संशयास्पद वाटलं असतं. तरुण ओमानी पोलीस खिडकीशी आला. "ऐश हादा?"

हे काय आहे, असं रामटेके साहेबांना विचारायचं नसतं. ते खाली उतरले. हिंदी, इंग्रजी, कामापुरतं अरबी आणि मधूनच शुद्ध वऱ्हाडी अशा भाषेत त्यांनी त्या मुलाला डिफरन्शियल समजावलं. वाळूवर बोटानं चकत्या काढल्या. पोलीस आधी कंटाळला, मग वाकला, मग उकिडवा बसला. त्याच्या वडिलांची डोंगरातल्या गावात पिकअप होती आणि ती म्हणे अशीच कट्-कट् करायची. शेवटी मी मागे गेले आणि तो माझ्या जागी वाटी धरून बसला. साहेबांनी आठचा आकडा काढला. एक, दोन, कितीतरी वळणं. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. वाटीतलं ताक नुसतं डुललं.

"लबन?" पोलिसानं वाटीकडे बोट दाखवून विचारलं.

"लबन," साहेब म्हणाले.

त्यानं ते एका दमात पिऊन टाकलं, वाटी परत दिली आणि वडिलांसाठी साहेबांचा नंबर घेऊन गेला.

मला वाटलं, आता साहेब बिल्डिंगभर मिरवणार. पण ते वाळूत उभे राहून पिकअपकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "रविवारी सकाळी विमानतळावर याल का? वनिता येऊन राहिली. सोबत एक बाई असली तं बरं."

वनितावहिनी व्हीलचेअरवर आल्या. निम्म्या झाल्या होत्या, पण आवाज तोच. "या, आले का गाडीखालून?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. साहेबांनी वहिनींच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि पिकअप आणायला जवळजवळ पळत गेले.

तेवढ्या वेळात वहिनींनी मला सगळं सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, ते बिघडलं, पुन्हा झालं. इथे साहेबांच्या प्लांटचं मोठं काम निघालं होतं. सुट्टी मिळून ते पोचले तेव्हा टाकेसुद्धा निघाले होते.

"त्याच्या आधी मला दवाखान्यातून घरी नेलं ना, भावाच्या गाडीतून," त्या म्हणाल्या, "तेव्हा यांचा फोन चालू होता. सीट इतकी खाली, अन् रस्ता असा. प्रत्येक हिसक्याले मी ओरडत होती. भावाला वाटलं फोन बंद केला. केला नव्हता. घरी येईपर्यंत हे ऐकत होते. मला तं कितीतरी दिवसांनी समजलं."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"हे काय सांगतात! भावानं सांगितलं. मला फक्त एवढं म्हणाले, तू ये, गाडीचं मी पाहतो."

पिकअप समोर आली. सीट बरोबर कमरेच्या उंचीला. खाली साहेबांनी स्वतः वेल्ड केलेली पायरी, तिला रबर लावलेलं. वहिनी फारसं न वाकता सरळ मागे सरकून बसल्या, जशा घरच्या पलंगावर बसाव्यात. साहेबांनी पट्टा लावला, दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा हळू लावलं.

मी मागे सामानाबरोबर बसले. सगळ्या रस्त्यात रामटेके साहेबांनी एकाही गाडीबद्दल एक शब्द काढला नाही. राऊंडअबाऊट आले, वळणं आली, माबेल्यातले गतिरोधक आले. वहिनी सुरुवातीला नागपूरच्या उन्हाबद्दल बोलत होत्या. मग बोलणं तुटत गेलं. आमच्या गल्लीत वळलो तेव्हा त्यांची मान खिडकीकडे कलली होती आणि त्या गाढ झोपल्या होत्या.

जमालनं लांबूनच पाहिलं आणि फाटक सताड उघडलं. साहेबांनी त्याला हात केला आणि गाडी फाटकावरून सरळ पुढे नेली.

"साहेब, घर मागे राहिलं," मी म्हणाले.

"झोपली आहे," रामटेके साहेब म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "किती महिन्यांनी गाडीत झोपली. थोडं फिरू."

आम्ही समुद्राकडच्या रस्त्यानं लांब वळसा घालून आलो. जमाल फाटक धरून उभाच होता. आम्ही पुन्हा त्याच्यासमोरून गेलो.