हिराकस सुरक्षा समिती

एका जंगलात गवा राज्य करत होता. वाघ का नव्हता, असं विचारू नका. वाघाला पर्यटकांना दर्शन देण्यातून सवड नव्हती.

त्या जंगलातल्या एका उंबराच्या ढोलीत धनेशाची बायको बसली होती. धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी. त्याची बायको अंडी घालायला ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. पिल्लं वाढेपर्यंत बाहेर येत नाही. चोच जाईल एवढी फट राहते, त्यातून नवरा तिला फळं भरवतो. मुलांनो, हे तुमच्या बाबांना मुद्दाम वाचून दाखवा.

त्या वर्षी उंबराची पानं पिवळी पडली. फळं धरेनात.

"अहो, आज एकच उंबर?" आतून आवाज आला.

"बाकीची येतायत गं मागून," धनेश म्हणाला. मागून काहीही येत नव्हतं. तो फार घाबरला होता.

साळिंदर वैद्याने झाड तपासलं आणि एक काचेची बरणी दिली. झाकणाला मेण लावलेलं होतं. आत फिकट हिरवे खडे होते.

"हा हिराकस. लोखंडाचं मीठ म्हण. याची शाई होते, रक्त वाढवायचं औषध होतं. पाण्यात विरघळवून पानांवर शिंपड, झाड हिरवं होईल. पण याला हवा सोसत नाही. तांबूस पडतो, मग नीट विरघळत नाही. झाकण उघडायचं ते वापरतानाच."

धनेश लगेच शिंपडणार होता. पण बातमी गवेराजांकडे गेली.

"असं कसं? शिंपडण्याचा समारंभ आमच्या हस्ते होईल. पौर्णिमेला. तोवर बरणीच्या रक्षणासाठी समिती नेमा!"

तरस अध्यक्ष झाला. घोरपड आणि उदमांजर सदस्य झाले. तिघंही अत्यंत प्रामाणिक होते. हेच वाईट झालं.

समिती रोज सकाळी झाकण उघडायची आणि आत हवा शिरली नाही ना, हे तपासायची. संध्याकाळी सकाळची तपासणी तपासायची. पाहुणे आले की त्यांनाही वास घ्यायला द्यायची.

"साहेब, काचेतून दिसतंय की सगळं," धनेश काकुळतीने म्हणाला.

"काचेतून बघणं म्हणजे बघणं नव्हे," तरस म्हणाला.

पौर्णिमेला राजांनी झाकण काढलं. वर तांबूस भुकटीचा थर होता. पाण्यात घातली, तर गढूळ गाळ खाली बसला.

"आम्ही रोज उघडून पाहिलं," तरस म्हणाला. "एकदाही आत हवा दिसली नाही."

राजांनी वाऱ्याला नोटीस काढली. मग हुकूम सोडला, "जंगलात आणखी काय काय बंद आहे, ते तपासा!"

तरसाने वर ढोलीकडे पाहिलं. "उद्या ती उघडू. आत सगळं सुखरूप आहे ना, एकदा बघितलेलं बरं."

समितीला अडवणं धनेशाला शक्य नव्हतं. पण चोच मोठी असली, की गोड बोलायलाही जागा असते.

"अवश्य या साहेब. पण एवढ्या मोठ्या समितीला बसायला ऑफिस नाही, हे शोभत नाही. पलीकडे एक झकास गुहा आहे."

तिघं गुहेत शिरले. मधे कोणी बसायचं यावरून वाद सुरू झाला. तेवढ्यात धनेशाने भाऊबंद गोळा केले आणि गुहेचं तोंड चिखलाने लिंपून टाकलं. चोच जाईल एवढी फट मात्र ठेवली.

दार बंद झाल्याचं कळल्यावर समितीने ठराव केला, की तपासणी नेहमी बाहेरूनच होते, सबब आतून दाराला कोणी हात लावू नये.

मग धनेशाने बरणी काचेतून नीट पाहिली. तळाशी खडे अजून हिरवे होते. वरून डोकावणाऱ्यांना ते दिसले नव्हते. त्याने ते विरघळवले आणि चोचीने पानन् पान भिजवलं.

हळूहळू झाड हिरवं झालं. उंबरं लगडली. ढोलीतून पिल्लांची किलबिल ऐकू आली, तेव्हा धनेश चक्क रडला.

राजांनी याबद्दल समितीचा सत्कार केला. हार फटीतून आत ढकलला. नंतर रोज एकेक उंबरही जातं.

तात्पर्य : मुलांनो, कुठलंही चांगलं काम समितीशिवाय करू नये. फक्त ती नेमल्यानंतर झाकण घट्ट लावावं आणि मधेमधे उघडून बघू नये.