शमीमबाईंचा ठोकळा

आमच्या आलापल्लीच्या दवाखान्यात शमीमबाईंकडे कोणी गेलं, तर त्या आधी नावगाव विचारत नाहीत. हातात सागाचा ठोकळा अन् काचपेपर देतात. "घासा. लाकडाच्या रेषेरेषेनं. बोलावं वाटलं तर बोला, नाई तर घासत राहा."

बाई मानसोपचारतज्ज्ञ. शिकल्या नागपुरात, पण ही युक्ती त्यांच्या अब्बांची. अब्बा सुतार. खुर्ची न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाच पाय घासायला बसवायचे, आणि तो घासता घासता घरची सारी भांडणं सांगून जायचा.

मी तिथला केसपेपरवाला. माझ्या रजिस्टरवर सदा भुसा! लोक म्हणायचे, बाई फुकटात सोफा करून राह्यली. पण नवरा गेल्यापासून मुकी झालेली एक बाई चार आठवडे नुसतं घासून पाचव्या आठवड्यात धाय मोकलून रडली, अन् त्या दिवसापासून मी भुसा गुपचूप झाडू लागलो.

बोलत नव्हते ते फक्त अब्बा. हात थरथरायला लागला, धंदा सुटला, तेव्हापासून दोन वर्षं चूप. बाई रोज एक घासलेला ठोकळा घरी नेत. ते अंगठा फिरवून बाजूला सारत.

"साऱ्या तालुक्याले बोलतं केलं भाऊ, बापाले नाई जमून राह्यलं," एकदा बाई म्हणाल्या. चहा तसाच गार झाला होता. मी उगाच एक ठोकळा उचलून घासत बसलो. अन् काय सांगू, पोरगी लग्नानंतर फोन करत नाही, हे मला किती लागलंय ते सारं बोलून गेलो. बायकोलाही सांगितलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, डोळे सुजलेले. मी खुर्चीतून उठलोच.

"काऊन जी, काय झालं?"

"तुमचा ठोकळा नेला होता घरी. अब्बांनी अंगठा फिरवला अन् भडकलेच! 'किस गधे ने घिसा ये? रेषा इधर, और घिसा उधर!' अर्धा तास बोलले, भाऊ. कागद कसा धराचा, लाकूड कसं पाहाचं..."

बाई हसत होत्या, रडतही होत्या. गधा म्हणवून घेऊन इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"रविवारी बोलावलं तुम्हाले, शिकवाले," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "हात जोडते भाऊ, लवकर शिकू नका."