आज सायंकाळी सहा वाजता

वाचकहो, मत देण्यापूर्वी मी तीन पुस्तकं वाचली होती! त्यातलं एक इंग्रजी होतं आणि तेही शेवटच्या पानापर्यंत वाचलं. चाळीस पानं नोंदी काढल्या. आमच्या वटारच्या वाचनालयाची वेबसाइट कशी असावी, या प्रश्नाचा माझ्याइतका अभ्यास पालघर जिल्ह्यात कुणी केला नसेल, असं मी बैठकीत छातीठोकपणे सांगणार होतो. सांगितलं नाही, कारण समितीच्या बैठकीत मी आजवर ‘हो’, ‘बरं’ आणि ‘खिडकी लावू का’ याखेरीज काही बोललेलो नाही.

माझं नाव गॉडफ्रे. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं इथला बिनपगारी ग्रंथपाल आहे. माणसांपेक्षा पुस्तकं बरी, ती समोरून काही विचारत नाहीत, एवढ्याच कारणाने हे काम घेतलं.

प्रश्न असा होता. आमचा अध्यक्ष आल्बर्ट माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा आवाज असा की त्याने ‘शांतता राखा’ म्हटलं की वाचणारे दचकतात. त्याचा पुतण्या ॲलिस्टर कॉम्प्युटरवाला. तो आमच्यासाठी वेबसाइट पहिल्या ओळीपासून स्वतः लिहून देणार होता. तशी वेबसाइट वसईत दुसऱ्या कुणाकडे नसेल, असं आल्बर्टचं म्हणणं.

दुसरी बाजू ज्ञानदाची. ती विरारला फ्लॅटमध्ये राहते, शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि आमच्या समितीत सर्वांत तरुण आहे. ती म्हणाली, इतकं करायची गरज नाही, तयार व्यवस्था मिळते. तिला सीएमएस म्हणतात. पासवर्ड टाकून आत गेलं की समितीतला कुणीही मजकूर बदलू शकतो.

“अगदी तुम्हीसुद्धा, काका,” ती माझ्याकडे पाहून हसत म्हणाली.

बिचारीने माझा उत्साह वाढावा म्हणून म्हटलं असणार. मी? मी मजकूर बदलणार? मी एकदा कपाटांना नवी लेबलं लावली होती, तेव्हा पाककलेची पुस्तकं दोन वर्षं धर्मग्रंथांत नांदत होती. घरी मला विहिरीचा पंप सुरू करायचीही परवानगी नाही. तिन्ही पुस्तकांतून मी एकच सार काढलं होतं: जिला मला हात लावता येत नाही, ती वेबसाइट माझ्यापासून सुरक्षित!

मतं दोन-दोन झाली. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हात वर केला. अर्धाच केला, पण आल्बर्टने तो पूर्ण मोजला. वेबसाइट ॲलिस्टर लिहिणार, असं ठरलं.

आणि खरं सांगतो, त्याने ती सुंदर केली. वर वाचनालयाचा फोटो, बाजूला केळी, खाली पुस्तकांची यादी, आणि मधोमध सूचनेची एक ठसठशीत चौकट. रविवारी उद्घाटन होतं आणि सायंकाळी एका निवृत्त प्राध्यापकांचं व्याख्यान. विषय ‘आपली बावखलं’. बावखलं म्हणजे आमच्या गावांतली छोटी तळी. आता बरीच बुजली, पण आमच्या वयाच्या माणसांना पोहायला त्यांनीच शिकवलं.

सकाळच्या मिस्सानंतर ॲलिस्टरने मला चर्चच्या अंगणात गाठलं. चौकटीचा मजकूर त्याला लगेच हवा होता, कारण रात्रीच्या विमानाने तो क्रूझवरच्या नोकरीवर निघाला होता. मी खिशातलं पुस्तकांचं कार्ड काढलं आणि मागच्या बाजूला लिहिलं:

‘आज सायंकाळी सहा वाजता वाचनालयात व्याख्यान. विषय: आपली बावखलं. प्रवेश विनामूल्य. चहा व फुग्या मिळतील.’

प्राध्यापकांच्या नावाआधी ‘डॉ.’ लावायचं की ‘प्रा.’, याची खात्री नव्हती, म्हणून नाव लिहिलं नाही. तारीख सव्वीस की सत्तावीस, याचीही नव्हती, म्हणून ‘आज’ लिहिलं. ‘आज’मध्ये चूक व्हायला जागाच नाही, असं वाटून मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

फुग्या मात्र खात्रीच्या होत्या. आमच्या लग्नांत लागतात त्या, पिठाच्या गोल, तळलेल्या, हलक्या. माझी बायको इनेझ हिच्या हातच्या फुग्यांसाठी माणसं लग्नाला शेवटपर्यंत थांबतात.

व्याख्यान छान झालं. तेवीस माणसं आली. ॲलिस्टर विमानात बसला. मी निश्चिंत झोपलो.

सोमवारी पावणेसहाला मी एकटाच वाचत बसलो होतो, तर दारात एक उंच गृहस्थ उभे. काखेत छत्री. मागे विरारचं एक जोडपं.

“व्याख्यान इथेच ना?” गृहस्थांनी विचारलं. हे श्रीपतराव. आगाशीचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले.

मी म्हटलं की व्याख्यान काल झालं. त्यांनी शांतपणे मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. ‘आज सायंकाळी सहा वाजता.’

“हे कालचं आहे,” मी म्हणालो.

“यात काल कुठे लिहिलंय? आज लिहिलंय. आज सोमवार,” ते म्हणाले. “ग्रंथपालसाहेब, वेळापत्रकात लिहिलंय म्हणजे गाडी सुटलीच पाहिजे. पॅसेंजर तीन असोत की तीस.”

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने हात जोडून त्यांना परत पाठवलं असतं. पण माणसाला ‘नाही’ म्हणायचं तर त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. त्यापेक्षा व्याख्यान देणं मला सोपं वाटलं! मी म्हटलं, बसा. प्राध्यापकांच्या भाषणाच्या मी नोंदी काढल्या होत्या, त्या मान खाली घालून वाचल्या. वीस मिनिटांत संपवलं.

श्रीपतरावांनी टाळी वाजवली आणि विचारलं, “आणि फुग्या?”

मी घरी धावलो. इनेझकडे कालच्या सात उरल्या होत्या.

मंगळवारी आठजण आले. झालं असं होतं की आल्बर्टला आपल्या पुतण्याचा इतका अभिमान की नायगावपासून विरारपर्यंत जितके ग्रुप होते तितक्यांवर त्याने वेबसाइटची लिंक पाठवली होती आणि लोक ती पुढे पाठवत होते. जो उघडेल त्याला तेच दिसत होतं: आज, सहा वाजता, फुग्या.

मी आल्बर्टला फोन केला. त्याने ॲलिस्टरला कळवलं. ॲलिस्टर भर समुद्रात, तिथे रेंज नाही. मग मी खजील होऊन ज्ञानदाला गाठलं. तिने लॅपटॉपवर बराच वेळ खटपट केली आणि म्हणाली, “काका, सगळं त्याने स्वतः लिहिलंय आणि पासवर्डही त्याच्याकडेच. एक शब्द बदलायचा तरी तोच पाहिजे.” ‘मी सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आज व्याख्यान नाही’, आणि फळा दारात ठेवून कपाटामागे बसलो. श्रीपतरावांनी फळा वाचला. सोबतच्या बारा जणांनी वाचला.

“हा जुना दिसतो,” श्रीपतरावांचा आवाज आला. “फळा पुसायला कुणाला वेळ असतो? वेबसाइट ताजी असते. चला, आत चला.”

फळ्यावरही मी तारीख लिहिली नव्हती.

गुरुवारपर्यंत नोंदी संपल्या. आता काय बोलणार? घाबरून मी आमच्या घरामागच्या बावखलात सात वर्षांचा असताना कसा पडलो आणि बदकांनी मला कशा चोची मारल्या, ते सांगून टाकलं. लोक हसले. मला वाटलं मला हसताहेत. शुक्रवारी एक म्हातारी बाई दोन सुना घेऊन आली आणि म्हणाली, कालचं बदकांचं पुन्हा सांगा, यांना ऐकायचंय. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्यांना ते आवडलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात चाळीस माणसं होऊ लागली. खुर्च्या चर्चच्या हॉलमधून आणल्या. मी रोज एक बावखल घेत होतो: चिंचेखालचं, शाळेमागचं, बुजवून वर इमारत झाली ते. आल्बर्ट याला व्याख्यानमाला म्हणू लागला. मला मात्र जेवण जात नव्हतं, आणि कमरेचा पट्टा एक भोक आत गेला होता.

आणि इनेझ! पहाटे पीठ भिजवायचं, संध्याकाळी पाचला तळायला बसायचं. (आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो, तुमच्यासाठी पुस्तकी करून लिहितो.) ती म्हणाली, “आपल्या लग्नात तीनशे फुग्या तळल्या होत्या. तो आकडा परवाच मागे पडला. अजून किती लग्नं लावणार आहात माझ्याशी?”

मी म्हणालो, ॲलिस्टर किनाऱ्याला लागेपर्यंत.

“मग मी ॲलिस्टरच्या आईकडे राहायला जाते. तिथे फुग्या नाहीत.”

अशात विसाव्या दिवशी आल्बर्टने मला कळवलं की उद्या रविवारी आपली जागा पुरणार नाही, म्हणून त्याने चर्चचा हॉल घेतलाय. दोनशे खुर्च्या. आणि माइक!

“तू फक्त आज शेवटी जाहीर कर की उद्या हॉलमध्ये या,” तो म्हणाला आणि माइकवाल्याकडे गेला.

माइक! माझा स्वतःचा आवाज मला साध्या खोलीतही सहन होत नाही. सहाला पाच कमी असताना मी व्हरांड्यात उभा राहून आजारी पडण्याचा प्रयत्न करत होतो. इनेझ फुग्यांचं ताट घेऊन आली. आणि माझा फोन वाजला. ॲलिस्टर!

“अंकल, पोर्टला आलोय. दहा मिनिटं वायफाय आहे. तुमचे चौदा मेसेज दिसतायत. काय लिहू सांगा, लवकर.”

वीस दिवस मी या फोनची वाट पाहिली होती आणि आता मला एक शब्द सुचेना. ‘व्याख्यान रद्द’ लिहावं तर आल्बर्ट काय म्हणेल? सूचना काढून टाकावी तर चौकट रिकामी, ती वाईट दिसेल. तारीख घालावी तर ती गेल्यावर पुन्हा हेच. “अंकल, सात मिनिटं,” ॲलिस्टर म्हणाला. आतून श्रीपतरावांचा आवाज, की सहा वाजले, गाडी सोडा.

इनेझने ताट कठड्यावर ठेवलं. तिच्या वडिलांचं आगाशीच्या बाजारात किराणा मालाचं दुकान होतं.

“माझ्या बाबांच्या दुकानात पाटी होती,” ती म्हणाली, “आज रोख, उद्या उधार. चाळीस वर्षं तीच पाटी. कुणालाही उधार मिळालं नाही. त्याला सांगा, ‘आज’ काढ आणि ‘उद्या’ लिही.”

तीन पुस्तकं आणि चाळीस पानांच्या नोंदींत हे कुठेही नव्हतं.

मी ॲलिस्टरला एक शब्द सांगितला. त्याने बदलला. मग आत जाऊन मी विसाव्या दिवसाचं बावखल सांगितलं. हॉलचं जाहीर करायला विसरलो, असं मी नंतर आल्बर्टला सांगितलं. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, विसरलो नव्हतो.

रविवारी सहाला हॉलमध्ये दोनशे खुर्च्या आणि एक माइक. मी, इनेझ आणि आल्बर्ट. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. कुणी येईना. आल्बर्टने वैतागून मोबाइल उघडला, वेबसाइट पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“अरे गॉडफ्रे, व्याख्यान तर उद्या आहे,” तो म्हणाला. “आधी सांगायचंस ना!” आणि तो घरी गेला.

त्या संध्याकाळी मी तीन आठवड्यांनी पोटभर जेवलो. इनेझने सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं आणि घरात तळणीचा वास नव्हता. सोमवारी व्याख्यान उद्या होतं. मंगळवारीही उद्या होतं. मी वाचनालयात एकटाच बसून पुस्तक वाचत होतो आणि पंख्याचा आवाज ऐकत होतो. असं सुख मला निवृत्तीच्या दिवशीही मिळालं नव्हतं.

ॲलिस्टर परतल्यावर समितीची बैठक झाली. सीएमएसच्या बाजूने पहिला हात माझा वर गेला, आणि पूर्ण. ॲलिस्टरनेच ज्ञानदाला जुना फोटो, केळी, पुस्तकांची यादी सगळं नव्या जागी लावायला मदत केली. ज्ञानदाने मला शेजारी बसवून शिकवलं: इथे पासवर्ड, इथे मजकूर, इथे ‘प्रकाशित करा’. मी डोळे मिटून बटण दाबलं. काही मोडलं नाही! चूक झाली तर बदलता येते, हे ती पहिल्या बैठकीपासून सांगत होती. मी नोंदी काढण्यात गुंतलो होतो.

आता लाजत एक कबूल करतो. आठ दिवसांनी मला चैन पडेना. एकविसाव्या दिवसाचं बावखल राहिलं होतं ना. मी कुणाला न सांगता आत गेलो आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: वार, तारीख, महिना, वर्ष, सायंकाळी सहा वाजता, वक्त्याचं नाव. इनेझला वाचून दाखवलं. तिने शेवटची ओळ घालायला लावली: ‘चहा मिळेल. फुग्या मिळणार नाहीत.’

मी चाळीस खुर्च्या मांडल्या. पावणेसहाला श्रीपतराव आले, छत्री काखेत. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, टेबलावरच्या चहाच्या किटलीकडे पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं,

“ग्रंथपालसाहेब, फुग्या नाहीत हे खरं आहे, की वेबसाइट जुनी आहे?”

मी म्हटलं, खरं आहे. ते तरी बसले. त्यांच्यामुळे श्रोते दोन झाले. दुसरी इनेझ होती, आणि ती ओळ मी पुसली नाही ना, एवढंच बघायला आली होती.