मंडळाचा एकुलता एक सैनिक

“मी मरणार नाही, काका. शनिवारी तर नाहीच नाही!”

“अरे, दहा मिनिटं तर मरायचंय! तुला काय, युनीची परीक्षा आहे का?” मंडळाचे सेक्रेटरी नरेंद्रकाका म्हणाले.

विहानचं डोकं सटकलं. पण देश असो की क्रेगीबर्नचं मराठी मंडळ, लढायला कोणीतरी लागतंच, आणि ते शक्यतो दुसऱ्याचं पोरगं असावं, हे सगळ्या सुधारलेल्या समाजांना मान्य आहे.

मंडळाने व्हिएतनाम युद्धाचा निषेध करणारं नाटक बसवलं होतं. (युद्ध संपून पन्नास वर्षं झाली, मंडळ कुठल्याच विषयावर घाईने मत देत नाही.) तेव्हा इथलं, या परक्या देशाचं, सरकार वीस वर्षांच्या पोरांच्या जन्मतारखा लॉटरीसारख्या काढायचं. तारीख निघाली की चल फौजेत. काकांना ही पद्धत फार आवडली. नाटकातले सैनिकही तसेच निवडले, हाउझीच्या ड्रममधून. एकदम पारदर्शक.

आंदोलकांसाठी ड्रम फिरवावाच लागला नाही. एकशे दहा टक्के आईबापांनी आपली मुलं शांततेला वाहिली. (हातात फलक असला की फोटो छान येतो.) सैनिकांच्या मात्र चार तारखा निघाल्या. एकाची मेडिकलची एंट्रन्स. एकीचं स्विमिंग. एकाला धुळीची अ‍ॅलर्जी, आणि सैनिकाला पडावं लागतं जमिनीवर. चौथ्याची आई म्हणाली, “आमच्यात कोणी मरत नाही.” समितीने चारही सवलती सहानुभूतीपूर्वक मंजूर केल्या.

विहानची तारीख निघालीच नव्हती. पण त्याने अकरावीत शाळा सोडलेली, म्हणजे मोकळाच. शनिवारी तीनला गॅरेजमध्ये त्याची ट्रायल होती. जमलं तर मेकॅनिकची अप्रेंटिसशिप, उशीर झाला तर दुसरा पोरगा तयार. समितीने हे शांतपणे ऐकलं आणि ‘करिअर’मध्ये बसत नाही म्हणून फेटाळलं.

सल्लागार म्हणून काकांनी शेजारच्या म्हाताऱ्या गॉर्डनला बोलावलं. त्या लॉटरीत त्याचा नंबर खरंच लागला होता. त्याने तालीम बघितली, चहा प्यायला.

“युनीची पोरं लढण्यातून सुटली का, मेट?”

“सगळी!”

“मग बरोबर बसवलंय.”

काकांनी खूश होऊन त्याला शाल-नारळ दिला.

शनिवारी नाटक मंडळाच्या एकला, म्हणजे सव्वादोनला सुरू झालं. अडीचला विहान मेला. त्याच्याभोवती चाळीस आंदोलक “आमची मुलं परत आणा” म्हणत रडले. पहिल्या रांगेतल्या आयांनी डोळे पुसले. मग अध्यक्षांचं युद्धविरोधी भाषण. मग आभार. प्रेत उठून बसलं.

“झोप रे!” काका दातओठ खात कुजबुजले. “अजून स्पॉन्सर राहिलेत!”

तुम्हालाही वाटलंच असेल, पाच मिनिटं पडून राहिला असता तर काय बिघडलं असतं? नाहीतरी शाळा सोडलेलाच पोरगा. या, बसा. पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय.

प्रेताने छातीवरचा हार काढून काकांच्या हातात दिला.

“सॉरी काका, मला आता निघायचंय.”