तीनशे अंगठे

आठवीत मुलींना बीजगणित नाही, शिवण आहे, असं शाळेनं सांगितलं आणि मालनने दोन दिवस जेवणावर राग काढला. मुख्याध्यापक गुप्तेसर म्हणाले होते, शनिवारपर्यंत दहा मुलींच्या पालकांचा अर्ज आला तर वर्ग काढू. मागणारी मात्र ती एकटीच. तिचा बाप कुशाबा गिरणीत माग चालवणारा साचेवाला. आकड्याच्या जागी अक्षर मांडायचं आणि तरी उत्तर बरोबर यायचं, ही विद्या आपल्या लेकीला कळते, या विचारानेच तो भारावून गेला होता.

मालनने लिहिलेला अर्ज त्याने दगडूच्या हातात दिला. दगडू संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम करायचा आणि सगळी बीडीडी चाळ त्याच्या ओळखीची. "आधी लोकांचे होऊ देत, माझा शेवटी," कुशाबा म्हणाला. घरच्याने शेवटी जेवायचं, तशीच ही रीत. त्या दिवसांत चाळीत फिरणारा कागद त्या चळवळीचाच असायचा. दगडूने तो वाचला नाही, लोकांनीही न वाचता अंगठे उठवले, आणि कागदांचा गठ्ठा समितीच्या कचेरीतून, वरचा पत्ता बघून, परस्पर शाळेत पोचला.

शनिवारी संध्याकाळी गुप्तेसर स्वतः चाळीत आले.

"तीनशे बारा माणसांना बीजगणित हवंय?" त्यांनी गठ्ठा पुढे धरला.

दगडूने वरचा कागद पहिल्यांदाच वाचला. मुंबईसाठी दिलेला अंगठा गणिताला लागला हे कळल्यावर शेजारच्या रामजीने तो परत मिळेल का, असं हळूच विचारलं. त्याची बायको सुभद्रा पुढे झाली.

"दिल्याला अंगठा मागं घेत न्हाईत. आमची कांता बसंल."

मग इतर बापही कबूल झाले. सर यादी तपासू लागले. निम्मे बिनलग्नाचे, कुणाला नुसते मुलगे, कुणाची पोर पाळण्यात. आठवीतल्या मुलींचे बाप निघाले नऊ. एक कमी पडत होता.

मालनने सगळे कागद पालथे घातले. "बा, तुमचा कुठं हाय?"

‘माझा शेवटी’ म्हणता म्हणता कुशाबाचा राहूनच गेला होता. सरांनी शाईची डबी पुढे केली. जन्मभर अंगठा देताना कुशाबाने मान खाली घातली होती. आज लेकीकडे बघत त्याने ती ताठ ठेवली, आणि अंगठा सरांच्या पांढऱ्या बाहीवर उमटला.

सरांनी बाहीकडे पाहिलं, मग कुशाबाकडे.

"हाही धरतो," ते म्हणाले, "पण एक कागदावर द्या."